आंतरराष्ट्रीय निवासी शाळा आणि लिबरल आर्ट्स शिक्षण: मराठवाड्यातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षे एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत इतिहास शिकवला आणि त्यांपैकी सहा वर्षे मुलांच्या वसतिगृहात हाऊस पेरेंट, म्हणजे मुलांसोबत राहून त्यांची काळजी घेणारा शिक्षक, म्हणून राहिलो. आता छत्रपती संभाजीनगरला परतल्यावर जालना, बीड, लातूर, परभणी, नांदेड अशा ठिकाणचे पालक या शाळांविषयी विचारायला येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात आणि शाळांच्या माहितीपुस्तिकांत त्यांची पुरेशी उत्तरे मिळत नाहीत, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपली ‘आर्ट्स साइड’च ना? मग विज्ञानाचे काय?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच शब्दाने होतो. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स अशा तीन वाटा फुटतात आणि आर्ट्स म्हणजे गुण कमी पडलेल्यांची वाट, असा एक अन्यायकारक समज रूढ झालेला आहे. लिबरल आर्ट्समधील ‘आर्ट्स’चा त्याच्याशी संबंध नाही. युरोपातील जुन्या परंपरेत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्यांना मिळून हे नाव होते. म्हणजे त्यांतील निम्म्याहून अधिक विद्या गणिताच्या अंगाने जाणाऱ्या होत्या. आज या नावाखाली जे शिक्षण दिले जाते त्यात भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे आणि कला हे सर्व विषय विद्यार्थी शेवटच्या वर्षापर्यंत शिकत राहतो आणि एकाची निवड केली म्हणून दुसऱ्याचे दार बंद होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही हाच विचार मांडताना बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला दिलेला आहे, त्यामुळे ही कल्पना परकी मानण्याचे कारण नाही.

वर्गात हे प्रत्यक्षात कसे दिसते?

एक तास सांगतो. आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन संभाजीनगरच्या पाणचक्कीवर आलो होतो. सोबत मी इतिहासाचा आणि एक सहकारी भौतिकशास्त्राचे, असे दोघे होतो. तेथे दुरून जमिनीखालच्या नळांतून आलेले पाणी उंच दगडी मनोऱ्यात चढते, मग खाली कोसळते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. मुलांना एकच प्रश्न दिला होता: पंप नसताना पाणी वर कसे चढले? पहिली वीस मिनिटे सगळी मुले नुसती भिंतीभोवती फिरत राहिली. एकाने आत कुठेतरी मोटर लपवली असेल असे सांगितले, दुसऱ्याने वाऱ्याचे कारण दिले. जालन्याची एक मुलगी मात्र वहीत मनोऱ्याचे आणि दूरच्या डोंगराचे चित्र काढत बसली होती. तिने दोन्हींच्या माथ्यांमधून एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाली, “सर, पाणी चढत नाहीये. ते जिथून निघालं ना, ती जागाच याच्यापेक्षा उंच आहे.”

भौतिकशास्त्राचा धडा तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी बादली आणि पारदर्शक नळी घेऊन मुलांनी तो पडताळून पाहिला. त्यानंतर माझा प्रश्न सुरू झाला, की या जात्यावर दळलेले पीठ कोण खात होते. त्यातून शेजारचा दर्गा, तेथे उतरणारे फकीर आणि यात्रेकरू, सतराव्या शतकातील हे शहर आणि मलिक अंबरने शहरासाठी केलेली नहर असा विषय विस्तारत गेला. शेवटी प्रत्येकाने एक पान मराठीत आणि एक पान इंग्रजीत लिहिले. ही सहल शाळेच्या वेळापत्रकात ‘अभ्यास’ म्हणूनच नोंदलेली होती आणि तिच्यावर मूल्यमापनही झाले. लिबरल आर्ट्स शिक्षणाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

‘इंटरनॅशनल’ असे नाव असलेली प्रत्येक शाळा आंतरराष्ट्रीय असते का?

नसते. नावात हा शब्द असला तरी शाळा सीबीएसईची किंवा राज्य मंडळाची असू शकते. त्यात गैर काही नाही, परंतु पालकांनी कोणता अभ्यासक्रम आणि कोणत्या इयत्तेपर्यंत, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आपल्याकडे मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय व्यवस्था आढळतात. 1968 मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही एक आणि केंब्रिजच्या आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची) व ए लेव्हल (बारावीच्या पातळीची) परीक्षा ही दुसरी. अनेक शाळा दहावीपर्यंत केंब्रिज आणि अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा अशी सांगड घालतात. आयबीमध्ये ‘अधिकृत शाळा’ आणि ‘उमेदवार शाळा’ असा फरक आहे. उमेदवार शाळेला मान्यता अद्याप मिळालेली नसते. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. शाळेच्या फलकावर विसंबू नका, ती यादी स्वतः पाहा.

आयबी डिप्लोमामध्ये नेमके काय शिकावे लागते?

दोन वर्षांत सहा विषय घ्यावे लागतात: साहित्यासह पहिली भाषा, दुसरी भाषा, एक समाजशास्त्र, एक विज्ञान, गणित आणि सहावा एखादा कलाविषय किंवा त्याऐवजी आधीच्या गटांतील आणखी एक विषय. साधारणतः तीन विषय उच्च पातळीवर आणि तीन सामान्य पातळीवर घेतले जातात. उच्च पातळीसाठी सुमारे 240 तास आणि सामान्य पातळीसाठी सुमारे 150 तास अध्यापन अपेक्षित असते. प्रत्येक विषयाला 7 गुण, म्हणजे 42, आणि उरलेले 3 गुण ज्ञानमीमांसा (आपल्याला एखादी गोष्ट कशी कळते याचा विचार) व दीर्घ निबंध यांचे, असे एकूण 45 गुण असतात. कला, शारीरिक उपक्रम आणि सेवाकार्य यांना गुण नसतात, परंतु ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही.

यांपैकी दीर्घ निबंधाकडे पालकांचे दुर्लक्ष होते आणि माझ्या मते खरी कसोटी तीच आहे. विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर 4,000 शब्दांच्या मर्यादेत संशोधनपर लेखन करायचे असते. आपल्या भागातील मुलाला विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या गावांत घरांची रचना कशी बदलली, 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्यामागे पाऊस किती आणि पीकपद्धती किती कारणीभूत होती, अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे कापडावर, ग्रंथ लिहिला तेव्हा मजकुराची मांडणी कशी केली, असे कितीतरी प्रश्न आहेत. मार्गदर्शक शिक्षक दिशा देतो, लेखन मात्र विद्यार्थ्याचेच असावे लागते. जे मूल शिक्षकाने लिहून दिलेली उत्तरे पाठ करण्यात तरबेज झालेले असते, ते येथे सुरुवातीला फार चाचपडते.

आम्हाला मुलीला डॉक्टर करायचे आहे. या शाळेत घातले तर नीटचे काय होईल?

हा प्रश्न लातूर आणि नांदेडकडचे पालक पहिल्याच मिनिटाला विचारतात, आणि तो योग्यच आहे. नीट ही अकरावी-बारावीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या चौकटीत, बहुपर्यायी पद्धतीने घेतली जाणारी परीक्षा आहे. आयबी डिप्लोमात दीर्घ उत्तरे, प्रयोगांवरील स्वतंत्र अहवाल आणि निबंध यांना महत्त्व असते. दोन्हींचा आशय बराचसा जुळतो, सराव मात्र वेगळा असतो. दोन्ही एकदम करणारी मुले आहेत, परंतु त्यांच्यावरील ताण मी जवळून पाहिलेला आहे. वैद्यकीय शिक्षण भारतातच घ्यायचे हे घरात ठामपणे ठरलेले असेल आणि मुलीचीही तीच इच्छा असेल, तर अकरावी-बारावी राज्य मंडळातून किंवा सीबीएसईतून करणे अधिक सरळ आहे, असे मी स्पष्टपणे सांगतो. दहावीपर्यंतची वर्षे आंतरराष्ट्रीय शाळेत घालवून पुढे मार्ग बदलता येतो.

तरीही डिप्लोमाच घ्यायचा असेल तर दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, विषयांची निवड. सहाव्या गटातील कलाविषय सोडला तरी त्या जागी दुसरेच विज्ञान बसते; भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय घेण्यासाठी आयबीची विशेष परवानगी लागते. शाळा अशी जोडणी देते का आणि तिच्या वेळापत्रकात ती प्रत्यक्षात बसते का, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारावे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेली असावी, अशी सर्वसाधारण अट आहे. तिला काही अपवाद आहेत. कर्नाटक, तमिळनाडू किंवा उत्तराखंडातील नामवंत निवासी शाळेत मुलीला पाठवणाऱ्या पालकांना ही अट कित्येकदा बारावीनंतर कळते, आणि तेव्हा हाती काही उरलेले नसते. 2020 मध्ये 70:30 चा विभागीय कोटा (70 टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना, उरलेल्या 30 टक्के राज्यभरासाठी) रद्द झाल्यापासून मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना संपूर्ण राज्याच्या जागांसाठी स्पर्धा करता येते. ती संधी केवळ शाळेच्या पत्त्यामुळे गमावू नये. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्दशः वाचावी.

हे प्रमाणपत्र भारतात चालते का?

चालते. भारतीय विश्वविद्यालय संघाने आयबी डिप्लोमाला 1983 पासून बारावीशी समकक्ष मानलेले आहे. मात्र पूर्ण डिप्लोमा आणि सुट्या विषयांची प्रमाणपत्रे यांत फरक आहे, तेवढे ध्यानात ठेवावे.

निकाल उशिरा लागतो असे ऐकतो. त्याने प्रवेश हुकतो का?

हुकू शकतो, म्हणून वेळापत्रक आधीच समजून घ्यावे. मे महिन्यात दिलेल्या डिप्लोमा परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. परदेशी विद्यापीठे शाळेने कळवलेल्या अपेक्षित गुणांवर सशर्त प्रवेश देतात, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. आपल्याकडील काही महाविद्यालयांच्या फेऱ्या मात्र तोवर पुढे गेलेल्या असतात. आयजीसीएसईबाबत प्रश्न अधिक टोकदार आहे. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये येतो. महाराष्ट्रात 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, आणि ऑगस्टपर्यंत त्यांच्या मुख्य फेऱ्या संपलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. भारतातील शाळांसाठी केंब्रिजची फेब्रुवारी-मार्चची परीक्षाही उपलब्ध आहे आणि तिचा निकाल मे महिन्यात लागतो. दहावीनंतर मुलाला परत आणण्याचा विचार असेल, तर शाळा मार्चच्या परीक्षेला मुलांना बसवते का, हे विचारायला विसरू नये.

शुल्क किती असते?

वर्षाला काही लाख रुपये, आणि शाळाशाळांत मोठा फरक. आकडा येथे देण्यात अर्थ नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. मात्र जाहीर केलेल्या शुल्कात काय धरलेले नाही, हे विचारावे: अनामत, परीक्षा शुल्क, सहली, गणवेश, लॅपटॉप, धुलाई, वैद्यकीय खर्च आणि सुट्टीतील प्रवास. परीक्षा शुल्काची रक्कम लहान नसते. ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011’ नुसार खासगी शाळेच्या शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. त्या समितीत कोण आहेत, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. शेती विकून किंवा मोठे कर्ज काढून शालेय शिक्षणासाठी हा खर्च करू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. ती तयारी उच्च शिक्षणासाठी राखावी. शिष्यवृत्तीची चौकशी मात्र संकोच न करता करावी, कारण पुष्कळ शाळा ती देतात आणि ग्रामीण भागातून अर्जच फार कमी येतात.

निवासी ठेवावे की रोज ये-जा करणारा विद्यार्थी म्हणून घालावे?

घर आणि शाळा यांत तासाभराच्या आतले अंतर असेल, तर लहान वर्गांत मुलाने घरीच राहावे. दिवसाच्या विद्यार्थ्याला घरची भाषा, आजी-आजोबा, सणवार हे सर्व मिळत राहते. त्याच्या वाट्याला येणारी उणीव वेगळी आहे: सायंकाळचे खेळ, नाटकाच्या तालमी, वादसभा, रात्रीच्या गप्पा यांतून जे शिक्षण होते त्याच्या वेळी तो बसमध्ये असतो. म्हणून अशा मुलांना आठवड्यातील एक-दोन दिवस सायंकाळपर्यंत थांबण्याची मुभा असलेली शाळा अधिक चांगली. काही ठिकाणी सोमवार ते शुक्रवार वसतिगृह आणि शनिवार-रविवार घर, अशीही सोय असते. संभाजीनगर किंवा पुण्याजवळच्या शाळेसाठी जालना, बीडकडच्या कुटुंबांना ती सोयीची ठरते.

कोणत्या इयत्तेपासून पाठवावे?

सहावीच्या आधी नको. सातवी-आठवी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. अकरावीत थेट येणाऱ्या मुलांना नवी अभ्यासपद्धती आणि नवे वसतिगृह यांना एकाच वेळी सामोरे जावे लागते; काही मुले ते निभावतात, काही खचतात. वयापेक्षाही मुलाची संमती महत्त्वाची आहे. घरात शिस्त लागत नाही म्हणून मुलाला निवासी शाळेत टाकणे म्हणजे त्याला शिक्षा केल्यासारखे होते, आणि मुलाला ते बरोबर समजते.

घरची आठवण आली तर?

येतेच. माझ्या वसतिगृहात परभणीकडचा एक मुलगा होता. तो पहिले दहा दिवस जेवणाच्या टेबलावर बसायचा, दोन घास खायचा आणि उठायचा. विचारले की “भूक नाही” एवढेच उत्तर. एका रविवारी सायंकाळी त्याच्या कपाटातून शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला. पाहिले तर आईने दिलेला स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून अगदी मागे ठेवलेला. खोलीत खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत असा नियम होता आणि त्याला तो मोडल्याची भीती वाटत होती. शिवाय ती चटणी संपली की घर संपेल, असे काहीसे त्याच्या मनात असावे, कारण डबा अजून पाऊण भरलेला होता. आम्ही तो डबा मेसच्या टेबलावर मांडला, मेसवाल्या मावशींना ज्वारीच्या भाकरी करायला सांगितल्या आणि त्याने आपल्या हाताने सर्वांना चटणी वाढली. तो त्या दिवशी अडीच भाकरी जेवला. पुढे महिन्यातून एका रविवारी भाकरीचा बेत कायमचा ठरला.

पालकांना एवढीच विनंती, की पहिल्या तीन-चार आठवड्यांत मूल फोनवर रडले म्हणून लगेच गाडी काढू नका, पण ते रडायचे थांबून अगदी गप्प झाले तर मात्र त्याच दिवशी हाऊस पेरेंटशी बोला.

वसतिगृहातील सुरक्षिततेची खात्री कशी करावी?

रात्री वसतिगृहाच्या इमारतीत कोण प्रौढ व्यक्ती झोपते आणि तिच्याकडे किती मुले असतात, हा पहिला प्रश्न. परिचारिका रात्री उपलब्ध असते का आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हा दुसरा. तिसरा, मुलाला तक्रार करायची असेल तर हाऊस पेरेंट वगळून दुसरे कोण आहे. पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आम्ही शाळेतच मिटवतो’ असे उत्तर देणारी शाळा त्या क्षणी नाकारावी. मोठ्या मुलांनी लहानांना कामे सांगण्याची ‘परंपरा’ कोणी कौतुकाने सांगू लागले, तर तेथेही सावध व्हावे. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंग हा गुन्हा आहे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलाला पाठ करून द्यावा.

मुलींच्या बाबतीत वेगळे नियम असावेत का, असेही विचारले जाते. सुरक्षिततेचे नियम दोघांना सारखेच असावेत. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मैदान मुलींसाठी लवकर बंद होत असेल, तर तिला त्याच शुल्कात कमी शिक्षण मिळते आहे.

मुलाची मराठी सुटेल का?

लक्ष दिले नाही तर सुटेल. 2020 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य आहे, परंतु आठवड्याला दोन तास आणि कामापुरते वाचन यांवर भाषा टिकत नाही. मी पाहिलेली सर्वांत समृद्ध मुले ती होती, ज्यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत विचार करण्याची तयारी होती. ज्या प्रदेशात अंबाजोगाईला मुकुंदराज, पैठणला एकनाथ आणि गंगाखेडला जनाबाई यांचा वारसा आहे, तेथील मुलाला जनाबाईचा अभंग इंग्रजी भाषांतरातून भेटावा, हे मला मनापासून दुःख देणारे आहे. शाळेच्या ग्रंथालयात मराठीचे कपाट आहे का, ते स्वतः जाऊन पाहावे, आणि पुस्तकांवरची देवाण-घेवाणीची तारीख वाचावी. घरून फोनवर मराठीतच बोलावे आणि महिन्यातून एक पत्र लिहावे. मूल उत्तर लिहिते.

आमचा मुलगा मराठी माध्यमात शिकला आहे. त्याला झेपेल का?

पहिले सहा महिने जड जातात. त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतात. चांगल्या शाळेत अशा मुलांसाठी इंग्रजीचा स्वतंत्र आधारवर्ग असतो आणि गणित-विज्ञानात भाषेच्या चुकांवरून गुण कापले जात नाहीत. उलट, पाढे तोंडपाठ असणारी आणि नेटके लिहिणारी आपली मुले गणितात पटकन पुढे जातात. त्यांना सर्वांत अवघड जाते ते वर्गात हात वर करून शिक्षकांचे म्हणणे पटले नाही असे सांगणे. त्याला वर्ष लागते.

अशा शाळा श्रीमंतांसाठीच आहेत, आपल्या मातीशी त्यांचा काय संबंध?

शुल्काविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि तो मी नाकारत नाही. निवासी आणि व्यापक शिक्षणाची कल्पना मात्र मराठवाड्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिकवले, आणि निजामी राजवटीत मातृभाषेतून स्वतंत्र विचार शिकवणारी ती जागा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद या प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले. नागसेन या बौद्ध भिक्षूला एकामागून एक प्रश्न विचारणारा तो मिलिंद. ज्या शाळेत मुलांना असे प्रश्न विचारू दिले जातात ती आपल्या मातीची, मग तिचे परीक्षा मंडळ कोणतेही असो.

शाळा पाहायला गेल्यावर काय पाहावे?

जलतरण तलाव आणि वातानुकूलित सभागृह तुम्हाला दाखवले जाईलच. तुम्ही वसतिगृहाची स्वच्छतागृहे पाहा, मुलांबरोबर मेसमध्ये जेवा, आणि एका तासाला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मागा. त्या तासात शिक्षक किती बोलले आणि मुले किती बोलली, एवढेच मोजा. शिक्षक किती वर्षांपासून तेथे आहेत हेही विचारा. दर दोन वर्षांनी शिक्षक बदलत असतील तर त्याचे काहीतरी कारण असते.

मध्येच परत आणावे लागले तर?

आठवीपर्यंत ते फारसे अवघड नाही. नववीच्या मध्यावर किंवा दहावीत मंडळ बदलणे टाळावे, कारण परीक्षेच्या नोंदणीचे प्रश्न उभे राहतात. अकरावीचे एक वर्ष डिप्लोमात घालवून बारावीला राज्य मंडळात जाणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा सामान्यतः अकरावीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. प्रवेश घेतानाच अनामत परत मिळण्याची मुदत, सूचना किती महिने आधी द्यायची, आणि शाळा सोडल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. मूळ दाखला, आधीच्या इयत्तांच्या गुणपत्रिका आणि जन्मदाखला यांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात, आणि दाखल्यावर मुलाचे, आईचे व वडिलांचे नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळते आहे ना, हे शाळेच्या कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी तपासावे.